संपलेल्या खाणीत अधिवास उभा करायचा तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही प्राणिशास्त्रात एमएस्सी केलंय, पक्षी आणि फुलपाखरांचा तुमचा चांगला अभ्यास आहे. एका सिमेंट कंपनीची चाळीस हेक्टरची चुनखडीची खाण आठेक वर्षांपूर्वी संपली आणि आता ‘इथं वन्यजीवांसाठी जंगल उभं करून द्या’ असं कंपनी तुम्हाला म्हणतेय. तुम्ही विचारताय: कोणती झाडं लावू, प्राणी किती वर्षांत येतील, आणि या कामावर आयुष्य काढता येईल का?

मी हेच काम करतो. बहुतेक दगडखाणींत, चुनखडीच्या खाणींत आणि कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवर. माझ्याकडे येणारा जवळपास प्रत्येकजण झाडांच्या यादीपासून सुरुवात करतो. कंपन्याही तेच करतात, कारण झाडं मोजता येतात आणि फोटोत दिसतात. पण तुमच्यासमोरचा खरा प्रश्न वेगळा आहे: खाण बंद होऊन आठ वर्षं झाली, तरी तिथं आपोआप जंगल का सुरू झालं नाही? वारा, पाऊस आणि पक्षी दरवर्षी बी आणून टाकतातच. ते रुजत नसेल, किंवा रुजून मरत असेल, तर काहीतरी अडवतंय. ते काय आहे हे शोधल्याशिवाय लावलेलं रोपही त्याच कारणाने मरणार, फक्त खर्च होऊन मरणार.

आता, माझ्या उत्तरातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. पाऊस किती आणि किती महिने पडतो, खाणीचा तळ भूजलाच्या वर आहे की खाली, वरची माती काढून कुठे ठेवली होती की विकून टाकली, जवळचं चांगलं जंगल किंवा माळरान किती अंतरावर आहे, गुरं शिरतात का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी क्रम आणि त्यामागचा विचार सांगू शकतो. आकडे तुम्हाला तिथेच काढावे लागतील.

सगळ्यात आधी पाहायचं ते हे की या जागेवर प्राण्यांना बोलावणं सुरक्षित आहे का. निसर्गप्रेमी माणसाला हा प्रश्न सुचतच नाही, कारण आपण धरून चालतो की अधिवास म्हणजे चांगलंच. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या ब्यूट गावाजवळ बर्कली पिट नावाची तांब्याची जुनी खाण आहे. खाण बंद झाल्यावर पंप थांबले, पाणी भरलं आणि मोठं तळं झालं. 1995 च्या नोव्हेंबरमध्ये स्थलांतर करणारे हिमहंस त्यावर उतरले आणि 342 हंस मेले, कारण ते पाणी म्हणजे धातू विरघळलेलं आम्ल होतं. वरून पाहणाऱ्या हंसांना ते इतर तळ्यांसारखंच दिसलं. आपण विषारी जागेवर झाडं लावून, तळी खोदून असाच सापळा तयार करू शकतो.

चुनखडीत हा धोका बराच कमी. आम्ल तयार होतं ते खडकात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं खनिज असेल तर. हवा आणि पाणी लागलं की त्यातून सल्फ्युरिक आम्ल सुटत राहतं. कोळसा आणि धातूंच्या खाणींत ही नेहमीची डोकेदुखी आहे. तिथला ढोबळ हिशेब असा की 1000 टन मालात पायराइटचं गंधक 1 टक्का असेल तर ते आम्ल मारायला शुद्ध चुनखडी साधारण 31 टन लागते. तुमची खाण तर मुळातच चुनखडीची, त्यामुळे ती स्वतःच आम्ल मारते. पण खाणीचा एखादा कोपरा बाहेरचा कचरा टाकायला वापरला असेल, डिझेलच्या टाक्या, वर्कशॉप किंवा भट्टीची धूळ पुरलेली असेल, तर तिथली माती आणि पाणी धातूंसाठी तपासून घ्या. कंपनीचे जुने नकाशे मागा. निवृत्त फोरमन आणि डंपरचालकांशी बोला; काय कुठे पुरलं ते त्यांना ठाऊक असतं आणि नकाशावर ते बहुधा नसतं.

जागा सुरक्षित आहे असं ठरलं, की मग अडथळा शोधायचा. माझ्या अनुभवात पहिला संशयित ठरलेला: दाबलेली जमीन. खाणीच्या तळावरून वर्षानुवर्षं भरलेले डंपर फिरलेले असतात. नंतर ‘नीट दिसावं’ म्हणून कुणीतरी बुलडोझर फिरवून ते आणखी सपाट करतं. मातीची घनता घनसेंटिमीटरला 1.7 ग्रॅमच्या आसपास गेली की बहुतेक झाडांची मुळं पुढे सरकत नाहीत. चिकणमातीत तर त्याआधीच अडतात. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांत याचा फार मोठा धडा मिळाला. तिथं 1977 च्या कायद्याने खाण कंपन्यांना जमीन मूळ आकारात आणणं बंधनकारक झालं. कंपन्यांनी उतार दाबून दाबून पक्के केले आणि त्यावर भराभर वाढणारं गवत पेरलं. धूप थांबली, कागद पूर्ण झाले, पण झाडं वाढेनात. पुढे 2004 मध्ये सरकारी खाण-अधिकारी आणि वनशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन नवी पद्धत पुढे आणली: वरचा निदान चार फुटांचा थर सैल सोडायचा, त्यावर गवताचं आक्रमक बी टाकायचं नाही. जमीन ओबडधोबड दिसते आणि साहेबांना आवडत नाही. झाडांना मात्र तीच लागते.

म्हणून तुम्ही पहिल्या आठवड्यात करायचं काम म्हणजे खड्डे. पोकलेन मिळाली तर उत्तम, नाहीतर पहार. तळावर, जुन्या रस्त्यावर, बेंचवर (खाणीच्या पायरीवर), मुरमाच्या ढिगाऱ्यावर वेगवेगळे खड्डे घ्या आणि पहार कुठे अडते ते लिहून ठेवा. त्यात पाणी ओतून किती वेळात जिरतं ते पाहा. जिथं चुकूनमाकून एखादं झुडूप चांगलं वाढलंय तिथं मुद्दाम खणा. बहुतेक वेळा त्याच्याखाली खडकाला भेग असते किंवा कुणीतरी सैल माल टाकलेला असतो. जागा स्वतःच दाखवत असते की इथं काय केलं तर चालेल. दाबलेला भाग रिपर, म्हणजे यंत्रामागचा दणकट फाळ, लावून फोडायचा असेल तर जमीन कोरडी असतानाच फोडा. ओल्या चिकण मालात रिपर फिरवला तर तो फक्त चीर पाडतो, भुगा करत नाही.

दुसरा अडथळा नत्राचा. इथे ब्रिटनमधल्या अँथनी ब्रॅडशॉ यांच्या कामाचा आधार घेतो. लिव्हरपूल विद्यापीठातले हे परिसंस्थाशास्त्रज्ञ आयुष्यभर खाणींच्या मालावर काम करत राहिले. त्यांचा हिशेब साधा होता आणि मी तो प्रत्येक कंपनीच्या बैठकीत फळ्यावर लिहितो. वाढत्या झाडोऱ्याला वर्षाला हेक्टरी सुमारे 100 किलो नत्र लागतं. मातीतल्या साठ्यापैकी साधारण दहावा हिस्साच वर्षभरात मोकळा होऊन मुळांना मिळतो. म्हणजे मातीत हेक्टरी 1000 किलोच्या आसपास नत्र साठल्याशिवाय ती परिसंस्था स्वतःच्या पायावर उभी राहत नाही. कच्च्या खडकाच्या भुग्यात हा साठा जवळपास शून्य असतो. गोणीतलं खत टाकून तो भरता येत नाही, कारण सच्छिद्र मालातून पहिल्या पावसात ते वाहून जातं. साठा होतो तो पाचोळ्यातून आणि मुळांतून, आणि तो भरायला नत्र बांधणाऱ्या वनस्पती लागतात. त्या चांगल्या जमल्या तर वर्षाला हेक्टरी 100 किलोपर्यंत भर घालतात. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तरी दहाएक वर्षं. कंपनीला तीन वर्षांत जंगल हवं असतं तेव्हा मी हाच हिशेब पुढे करतो.

चुनखडीत आणखी एक भानगड: सामू (पीएच) आठच्या वर असतो आणि स्फुरद व लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाहीत. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून चुन्याला सरावलेल्या जातीच निवडाव्या लागतात, आणि रोपवाटिकेतून रोप आणताना त्याच्या मुळांवर सहजीवी बुरशी आहे ना हे पाहावं लागतं.

या सगळ्याचं एकत्र उदाहरण तुमच्याच प्रकारच्या खाणीतलं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. केनियात मोंबासाजवळ बांबुरी सिमेंट कंपनीची खाण होती. जुन्या प्रवाळाचा चुनखडक, तळ भूजलाच्या अगदी जवळ, पाणी मचूळ, वर रणरणतं ऊन. 1971 मध्ये रेने हॅलर या स्विस माणसाने तिथं काम सुरू केलं. त्याने 26 जातींची झाडं लावून पाहिली. टिकल्या तीनच: सुरूचं झाड (कॅज्युअरिना), एक खारं पाणी सोसणारं आफ्रिकी झाड आणि नारळ. सुरूच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू नत्र बांधतात, त्यामुळे ती वाढली. पण मग नवीनच अडचण. सुरूच्या सुया खाली पडून साठायला लागल्या आणि कुजेनात. त्यांत टॅनिन भरपूर असतं. पाचोळा आहे पण माती होत नाही. तेव्हा हॅलरने तांबड्या पायांचे वाणी, म्हणजे मिलिपीड, त्या सुया खाताना पाहिले आणि ते गोळा करून खाणीत सोडले. त्यांच्या विष्ठेतून काळी माती व्हायला लागली, त्यात जिवाणू वाढले, मग इतर झाडं रुजली, उंबरवर्गीय झाडं आली.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब म्हणजे त्याचं निरीक्षण. अडथळा पानांत किंवा पाण्यात नव्हता, कुजण्याच्या साखळीतला एक दुवा गायब होता, आणि तो ओळखायला लहान जिवांकडे पाहणारी नजर लागली. तुम्ही प्राणिशास्त्राचे आहात याचा तुम्हाला इथेच फायदा आहे. रोपं लावणारे पुष्कळ मिळतात. पाचोळ्याखाली कोण राहतं आणि कोण असायला हवं होतं पण नाही, हे सांगणारे फार थोडे.

मात्र त्या खाणीच्या जागी आज असलेल्या हॅलर पार्कचे फोटो पाहून भुलू नका. तिथले जिराफ, पाणघोडे, मगरी हे बरेचसे आणलेले, सांभाळलेले प्राणी आहेत. ते पर्यटनाचं उद्यान आहे. उत्पन्नाच्या दृष्टीने ती शहाणी योजना होती. पण तुमच्या कंपनीने ‘आम्हालाही हरणं सोडायचीत’ म्हटलं तर कुंपण, चारा, पशुवैद्य आणि परवानग्या हे वेगळंच काम आहे, आणि त्याला अधिवास पुनर्स्थापना म्हणू नये.

आता मातीबद्दल, कारण इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो. कंपनी बहुधा म्हणेल, ‘बाहेरून चांगली काळी माती आणून पसरू.’ माझा सल्ला: जवळजवळ नेहमीच नको. ती माती कुठल्यातरी शेतातून किंवा नदीकाठावरून खरवडलेली असते, म्हणजे एक जागा सुधारायला दुसरी बिघडवली. शिवाय तिच्यात तणांचं बी आणि भरपूर अन्नद्रव्यं असतात. गाजर गवत आणि घाणेरी आधी येतात आणि पुढची दहा वर्षं तुम्ही तेच उपटत बसता. खाणीची स्वतःची वरची माती राखून ठेवलेली असेल तर मात्र गोष्ट निराळी. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जारा (निलगिरीच्या जातीचं झाड) जंगलातल्या बॉक्साइट खाणींमध्ये वरचा पातळ थर आणि त्याखालचा थर वेगळे काढतात, आणि शक्य असेल तिथं वरचा थर ढीग न करता थेट भरायला तयार असलेल्या खड्ड्यावर नेऊन पसरतात. कारण जंगलाचं बहुतेक बी त्या वरच्या काही सेंटिमीटरमध्येच असतं. तीच माती दोन-तीन वर्षं उंच ढिगात पडली की आतलं बी आणि बुरशी बऱ्याच अंशी मरते, उरतो नुसता भराव. तुमच्याकडे आठ वर्षं जुना ढीग असेल तर त्याला बियाण्याचा साठा समजू नका.

यापुढचं म्हणणं काहींना पटत नाही, पण मी ते दरवेळी सांगतो. खाणीचा सगळा भाग जंगल व्हायलाच पाहिजे असं नाही. नापीक, उघडा, तापणारा, खडबडीत भाग हाही अधिवासच, आणि आजूबाजूला सगळी जमीन सुपीक आणि हिरवी असेल तर कदाचित जास्त दुर्मिळ. इंग्लंडमध्ये टेम्स नदीच्या मुखाजवळ कॅन्व्ही विक नावाची जागा आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी तिथं नदीतली वाळू-गाळ उपसून पसरला, प्रकल्प 1970 च्या दशकात अर्ध्यात सोडला, आणि जागा तशीच पडली. आज तिथं 1,300 हून जास्त जातींचे कीटक आणि इतर अपृष्ठवंशीय जीव नोंदलेत. 2005 मध्ये तिला कायद्याने संरक्षण मिळालं, मुख्यतः या कीटकांसाठी. तिथं आता काम चालतं ते झुडपं काढण्याचं, म्हणजे उघडी वाळू उघडीच राहावी. चेक प्रजासत्ताकातल्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांतही असंच दिसलं, की माती पसरून वृक्षारोपण केलेल्या भागांपेक्षा आपोआप भरत गेलेल्या भागांत दुर्मिळ कीटक आणि वनस्पती जास्त होत्या.

त्यामुळे चाचणीचे खड्डे सोडले तर कुठलीही मशीन आत जाण्याआधी निदान एक पूर्ण वर्ष तिथं काय आहे ते नोंदवा. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, हिवाळ्यात, रात्रीसुद्धा. आठ वर्षांत बरंच काही आलेलं असेल. खडीवर टिटवी आणि धाविक अंडी घालतात. मऊ मातीच्या उभ्या कड्यात वेडा राघू आणि खंड्या बिळं करतात. दगडी कड्याच्या कपारीत शृंगी घुबड बसतं, आणि जुना बोगदा असेल तर त्यात वटवाघळं. हे माहीत नसताना तुम्ही कडे सपाट केलेत आणि खडीवर रोपं लावलीत, तर वन्यजीवांच्या नावाखाली वन्यजीवच हाकलून दिलेत असं होईल.

मग आकार. माझ्या मते या कामातला सर्वांत परिणामकारक माणूस म्हणजे पोकलेनचा ऑपरेटर, आणि सर्वांत चांगली वेळ म्हणजे खाणीतली यंत्रं परत जाण्याआधीची. तुमची ती वेळ गेलीय, तरी कंपनीकडून काही तास यंत्र मागून घ्या. पाण्याचा काठ सरळ तुटलेला असेल तर एका बाजूने तो दहा फुटांना एक फूट इतका सपाट करा. चिखलात चालणारे पक्षी, बेडूक, लव्हाळं सगळं त्या उथळ पट्टीवरच येतं. खोल उभा काठ माणसांसाठीही जीवघेणा, तिथं कुंपण आणि पाटी हवीच. मोठ्या तळ्याशेजारी चार-पाच लहान, उन्हाळ्यात आटणारी डबकी करा आणि त्यांत मासे अजिबात सोडू नका. ‘डासांसाठी गप्पी सोडूया’ असं कोणीतरी हमखास म्हणतं. मासे नसलेल्या डबक्यात बेडकांची पिल्लं आणि चतुरांच्या व टाचण्यांच्या (चतुरासारखेच सडपातळ कीटक) अळ्या वाढतात, आणि त्या अळ्या डासांचंही पाहून घेतात. कडा सगळ्या मोडू नका; धोकादायक भाग अनुभवी ब्लास्टरकडून पाडून पायथ्याशी दगडांचा उतार होऊ द्या, बाकीचा कडा राहू द्या. उरलेले मोठे दगड ढीग करून टाका. साप, सरडे, मुंगूस यांना त्याहून चांगलं घर आपण बांधू शकत नाही.

एवढं झाल्यावर झाडं. इथे दोनच गोष्टींवर जोर देतो. एक, बी जवळच्या नैसर्गिक जागेतून स्वतः गोळा करा. गुरुग्रामजवळच्या अरवली जैवविविधता उद्यानाची जागा खाणींनी ओरबाडलेली आणि वेड्या बाभळीने भरलेली होती. 2010 मध्ये तिथं काम सुरू झालं तेव्हा अरवलीतल्या मूळ झाडांची रोपं बाजारात मिळतच नव्हती. विजय धस्माना आणि त्यांच्या गटाने डोंगरांत हिंडून बी जमवलं आणि रोपवाटिकाच उभी केली. तुमच्याही जातींची रोपं तयार मिळणार नाहीत असं धरून चाला. पहिलं वर्ष पाहणीत जाणार आहेच, त्याच वर्षी बी जमवा. दोन, भराभर वाढणाऱ्या परक्या झाडांचा मोह. वेडी बाभूळ, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही खाणीच्या मालावर झकास वाढतात, नत्र बांधतात आणि कंपनी खूश होते. पण मग खालून दुसरं काही येऊ देत नाहीत, आणि पहिल्या दोघी तर शेजारच्या रानातही पसरतात. नत्रासाठी स्थानिक शेंगावर्गीय झुडपं आणि वेली वापरा, वाढ हळू असली तरी. बाहेरचं झाड दाई म्हणून, म्हणजे मूळ रोपांना सुरुवातीचा आधार म्हणून, वापरायचंच असेल तर ते कोणत्या वर्षी आणि कोण तोडणार हे लावतानाच लिहून ठेवा.

सेंद्रिय माल मात्र बाहेरून आणायला माझी हरकत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यांची मळी-गाळ, म्हणजे प्रेसमड, आणि त्याबरोबर नत्र बांधणारे जिवाणू व मायकोरायझा, म्हणजे मुळांवरची सहजीवी बुरशी, वापरून झाडोरा उभा केला. हे पूर्ण जागेवर पसरायचं नसतं. खड्ड्यापुरतं, बेटांसारखं वापरायचं. बेटं वाढली, पक्षी बसायला लागले, की मधली जागा पक्षीच पेरतात. झाड नसेल तिथं नुसते वाळलेले फांद्यांचे खांब उभे केले तरी बुलबुल त्यावर बसतात आणि खाली बी टाकतात.

तर क्रम असा लागतो: विष आहे का, जमीन दाबलेली आहे का, नत्र कुठून येणार, आत्ता तिथं कोण राहतं, जमिनीचा आकार कसा, आणि मग रोपं. गुरं आणि वणवा पहिल्या दिवसापासून बाहेर ठेवायचे.

प्राणी कधी येतील? उथळ पाणी केलंत तर चतुर पहिल्याच पावसाळ्यात, पाणपक्षीही लवकरच. गवत आणि झुडपांवर अवलंबून असणारे चंडोल, सरडे, ससे, फुलपाखरं तीन ते पाच वर्षांत, जवळच त्यांची वस्ती असेल तर. फळं खाणारे पक्षी झाडं फळाला आल्यावर, म्हणजे दहाएक वर्षांनी. ढोलीत राहणारे पक्षी आणि वटवाघळं यांना म्हातारी झाडं लागतात, ती आपल्या हयातीत होत नाहीत. घरट्यांच्या पेट्या हा तात्पुरता उपाय. मोठे सस्तन प्राणी येतील की नाही हे तुमच्या चाळीस हेक्टरवर ठरत नाही, त्याभोवतीच्या हजारांवर ठरतं. मी कोणत्याही कंपनीला प्राण्याचं नाव घेऊन वचन देत नाही.

आता व्यवसायाचं. होतो, पण जसा तुम्ही कल्पना करताय तसा नाही. प्रत्यक्ष खाणीवरचे दिवस वर्षाच्या निम्म्याहून कमी. बाकी वेळ नकाशे, निविदा, अहवाल, पाण्याच्या अभियंत्याशी वाद आणि खाण व्यवस्थापकाची मनधरणी. काम मिळतं ते खाण कंपन्यांच्या पर्यावरण विभागात, सल्लागार संस्थांत, संशोधन संस्थांत किंवा स्वयंसेवी संस्थांत. उत्पन्न सुरुवातीला लहरी असतं, म्हणून जैवविविधता पाहणीची कामं जोडीला ठेवा. शिकण्यासारखं म्हणाल तर माती आणि वनस्पती या दोन विषयांत तुम्ही कच्चे असणार. ते भरून काढा. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र, शिका. अभियंत्यांचे छेद-नकाशे वाचायला शिका, नाहीतर उतार ठरवताना तुमचं कोणी ऐकणार नाही.

एक नैतिक अडचण येणारच आहे, ती आत्ताच विचारात घ्या. कंपनी तुमच्या जुन्या खाणीचे फोटो दाखवून नव्या, चांगल्या जंगलात खाण मागेल: ‘बघा, आम्ही परत करतो.’ पुनर्स्थापित जागा मूळ जंगलासारखी होत नाही. जारा जंगलात इतकी वर्षं इतका पैसा ओतूनही त्यावर वाद आहेतच. मी स्वतः संपलेल्या खाणींवर काम करतो आणि नव्या खाणीच्या परवानगी अर्जाला माझा अहवाल जोडू देत नाही, तसं करारात लिहून घेतो. काही सहकारी उलट करतात; त्यांचं म्हणणं असं की आत राहिलं तर खाण सुरू होतानाच माती नीट काढून घेता येते. त्यातही तथ्य आहे. तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते पहिल्या कामाआधी ठरवा, कारण नंतर ठरवायला पैशाचा दबाव असतो.

कराराबद्दल शेवटचं. पैसे झाडांच्या संख्येवर ठरवू नका. तसं केलंत की तुम्हीच दाट लागवडीचे समर्थक व्हाल. टप्प्यांवर ठरवा: सैल केलेली जमीन, आपोआप रुजलेल्या जातींची संख्या, परक्या झाडांचं प्रमाण. निदान दहा वर्षांची देखरेख आणि तिचा खर्च लिहून घ्या. जमीन पुढे राख टाकायला, सौर पॅनलना किंवा पुन्हा उत्खननाला दिली जाणार नाही हे लेखी घ्या, निदान किती वर्षं ते तरी. नोंदी प्रसिद्ध करण्याचा हक्क तुमच्याकडे ठेवा. आणि पहिला करार फक्त वर्षभराच्या पाहणीचा, वेगळ्या मोबदल्यावर करा. त्या पाहणीतून ‘तळाचा निम्मा भाग आहे तसा सोडावा, एका कोपऱ्यात विषारी माल आहे तो आधी काढावा, लागवड फक्त आठ-दहा हेक्टरवर’ असं काहीही निघू शकतं. तसं लिहायची मुभा त्याच करारात असली पाहिजे. ती द्यायला कंपनी तयार नसेल तर हे काम घेऊ नका.